जहांगीर भातोडीला आला होता

जहांगीर बादशहा आणि मलिक अंबर माझ्या एकाच ट्रंकेत राहायचे. वर जहांगीर, खाली अंबर, आणि मधे जुन्या धोतराचं फडकं. ते फडकं घातलं नाही तर जहांगीरच्या अंगरख्यावरच्या टिकल्या अंबरच्या पांढऱ्या जाम्यात अडकायच्या आणि दोरे निघायचे. वीसेक वर्षं हे दोघे एकमेकांशी लढले, पण समोरासमोर कधी आले नाहीत. मी मात्र त्यांना त्याहून जास्त वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात शेजारी शेजारी निजवलं.

संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं आहे. मला गमती सांगता येत नाहीत, तक्रारी सांगता येतात. शिवाय मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून दारात जाऊन आलो. धंदा बंद करून इतकी वर्षं झाली, तरी शाळांच्या संमेलनाचे दिवस आले की आता कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून आत येईल आणि 'अण्णा, एक बादशहा पाहिजे' म्हणेल असं वाटत राहतं.

नगरला तोफखाना भागात माझं कपडेपटाचं दुकान होतं. नाटकाचे पोशाख भाड्याने द्यायचे, हवं तर बरोबर जाऊन रंग लावायचा, दाढीमिशा चिकटवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं मोजून परत आणायचं. माझ्या वडिलांनी एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या दोन ट्रंका घेतल्या होत्या. त्या उघडल्या तर सगळे दरबारी पोशाख, आणि तेही एकाच काळातले: जहांगीर, इराणचा शहा अब्बास, विजापूरचा इब्राहिम आदिलशहा, आपल्या नगरचा निजामशहा, तुर्कांचा सुलतान, आणि इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील टॉमस रो. शिवाजी महाराजांच्या नाटकांचे कपडे देणारे गावात दुसरे होते. माझ्या वाट्याला महाराजांच्या आधीची ही पिढी आली. शिलाई मला घरातूनच येत होती, इतिहास मी वाचनालयात बसून शिकलो. चित्रं पाहायची, वहीत उतरवून घ्यायची, कुणाचा कमरबंद कसा, कुणाचा फेटा कुठे झुकतो ते टिपायचं. चौथी नापास माणसाला तेवढाच एक अभ्यास होता, आणि त्याचा मला माज होता. ते इथे कबूल केलेलं बरं.

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. त्या काळात मुसलमान जाम्याचे बंद उजवीकडे बांधत आणि हिंदू डावीकडे. आमच्याकडे जामे मोजके आणि राजे फार, म्हणून मी एका हिरव्या जाम्याला दोन्ही बाजूंनी बंद लावले होते. पहिल्या अंकात तो आदिलशहा असायचा, दुसऱ्यात शहाजीराजे. प्रेक्षकांतल्या एकाही माणसाने बंद कुठल्या बाजूला आहेत ते कधी पाहिलं नसेल. पण मी विंगेत उभा राहून पाहायचो आणि चुकलं असलं तर मला रात्री जेवण जात नसे.

दाढ्यांचंही तसंच. आदिलशहाला दाढी. शहा अब्बासला दाढी नाही, पण मिशा अशा की अंधारात माणूस अडखळावा. जहांगीरची हनुवटी साफ, फक्त मिशा आणि कल्ले. आता लोकांना बादशहा म्हटला की दाढी लागतेच. देवळाली प्रवऱ्याला एका नाटकात जहांगीरचं काम करणारा ऊसवाला गडी छातीपर्यंत दाढी घेऊन समोर बसला. नवसाची दाढी आहे, काढणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग बादशहा काढा. मंडळींनी समजूत घातली, चहा पाजला, शेवटी हात जोडले. मी ट्रंक उचलली आणि परतीच्या एस. टी.त बसलो. त्यांनी त्या दिवशी जहांगीर धोतरावर उभा केला असं नंतर कळलं. ही हकीकत मी पुष्कळ वर्षं अभिमानाने सांगत असे. अलीकडे सांगत नाही.

त्यातल्या त्यात टॉमस रोने मला हसवलं. नगरच्या एका इंग्रजी शाळेच्या संमेलनात तो जहांगीरच्या दरबारात येतो असा प्रवेश होता. त्या लोकांच्या गळ्याभोवती झालरीची ताटाएवढी कॉलर असे. मी ती मांजरपाटाची शिवली आणि तांदळाच्या खळीत इतकी कडक केली की रोचं काम करणाऱ्या मास्तरांना मान खाली घालता येईना. बादशहापुढे वाकायची वेळ आली आणि ते ताठ उभे. नाटक बसवणाऱ्या बाई पडद्याआडून खुणा करताहेत, मास्तर डोळे फिरवताहेत. सगळे मला बोलले. पण खरा रोसुद्धा जमिनीपर्यंत वाकायला तयार नव्हता, त्यामुळे त्या दिवसाचा तेवढाच प्रसंग इतिहासाला धरून झाला असं माझं मत होतं आणि आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. गावोगावच्या यात्रा नावाला नारळ फोडून उरकल्या गेल्या. शाळांची संमेलनं रद्द झाली. माणसं खडी फोडायला, तळ्यांच्या कामावर गेलेली. नाटक कोण करणार आणि बघणार कोण? सबंध वर्षात मी एका माणसाला फेटा बांधला नाही. हाताला चाळा म्हणून मी रोज सकाळी ट्रंका उघडायचो, सगळे राजे दोरीवर टाकायचो, संध्याकाळी घड्या घालून परत ठेवायचो. फाटलेलं शिवून झाल्यावर न फाटलेलं उसवून पुन्हा शिवलं. दुपारी उगाच एस. टी. स्टँडवर जाऊन जामखेडची गाडी आली का बघायचो. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला झोप नाही ते ठीक आहे. त्या राजांना तरी निजू द्या." मी चिडलो आणि पुन्हा बाहेर पडलो.

अशात त्र्याहत्तरच्या चैत्रात बाबूभाई शेख आले. खर्ड्याच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय लिहिलं तर मला दम देतील. त्या गावचे हे बाबूभाई. पन्नाशीचे, उंच, खांदे किंचित पुढे आलेले. दर वर्षी यात्रेत गाव 'मलिक अंबर' नावाचं नाटक करत असे आणि अंबरचं काम त्यांचं. गावच्या शाळेतल्या गुरुजींनीच ते लिहिलेलं. इतर ठिकाणी अंबर हबशी होता म्हणून त्याला काजळी फासून राक्षस करत. गुरुजींनी तसं केलं नव्हतं. राजा नावाला, मुलूख फाटलेला, दिल्लीचा बादशहा उरावर, आणि हा गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस सगळं सांभाळतो आहे, असा त्यांचा अंबर होता. चित्रातही त्याच्या अंगावर साधा पांढरा जामा असतो. बाबूभाईंना तो शोभायचा. मी ज्यांना ज्यांना राजा केलं, त्यांत आरशात न बघणारा हा एकच माणूस.

नाटकात भातोडीची लढाई होती. भातोडी नगरपासून जवळच. तिथे मोगल आणि आदिलशहा दोघांच्या फौजा एकत्र अंबरवर चालून आल्या, आणि त्याने तिथलं तळं फोडून त्यांच्या छावणीत चिखल करून टाकला असं सांगतात. गावचं सगळं नाटक या तळ्यासाठी असे. गूळ करायची मोठी काहील दगडांच्या चौथऱ्यावर रंगमंचाच्या मागच्या अंगाला मांडायची, तिच्या एका कडेला पाडलेल्या खाचेला फळी आणि माती लिंपून बांध करायचा. यात्रेच्या दिवशी प्रत्येक घराने एक कळशी पाणी आणून काहिलीत ओतायचं. आणि अंबरने टिकावाचा घाव घालून तो बांध फोडायचा. पाण्याचा लोंढा मोगलांच्या पायांतून थेट पुढच्या प्रेक्षकांवर. जो भिजेल त्याचं साल बरं जातं असं गाव मानायचं. लोक पुढे बसायला भांडायचे.

बाबूभाई दुकानात बसले, पाणी मागितलं, अर्धं प्याले आणि म्हणाले, "अण्णा, औंदा नाटक करायचंय. सा महिने झाले लोक मातीत हायेत. एक दिस तरी ती हसली पायजेत." ते स्वतः पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी दुपारी नाटक करायचं ठरलं होतं, कारण बत्त्यांना रॉकेल नव्हतं. मी आनंदाने जवळजवळ उडालो. मग ते हळूच म्हणाले, "तळ्याला औंदा निळं कापड लावू. तुमच्याकडं आसंल एकादं."

इथे मी चुकलो. वर्षभर रिकामा बसलेला, तडतडलेला माणूस मी. कुणीतरी नाटक मागायला आलं याचा आनंद, आणि ते अर्धवट मागतो आहे याचा राग, दोन्ही एकदम वर आले. मी म्हटलं, कापड हलवून लढाई जिंकायची असेल तर माझे राजे नेऊ नका. भातोडीला पाणी होतं. पाणी नसेल तर भातोडी नाही, आणि भातोडी नसेल तर अंबर कसला? त्यांनी मला गावातल्या टँकरबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. मी ऐकून घेतलं नाही. देवळालीची दाढीवाली हकीकत त्यांना पुन्हा ऐकवली.

बाबूभाईंनी उरलेलं अर्धं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले, "बरं. गावाला इच्यारतो." आणि चार दिवसांनी जामखेडच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: पानी ठरलं, या.

जामखेडपर्यंत एस. टी. होती. पुढे न्यायला बैलगाडी येणार होती, पण गावातली जनावरं चाऱ्याच्या छावणीवर गेलेली. शेवटी त्या गावाला पाणी घेऊन जाणाऱ्या टँकरवाल्याने मला शेजारी बसवलं आणि दोन्ही ट्रंका टाकीवर दोराने बांधल्या. गाव दिसू लागलं तसे लोक धावत निघाले. बाया, म्हातारे, घागरी, डबे. वर्षभराने कपडेपट येतोय, लोकांना केवढी हौस, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मी खिडकीतून हातसुद्धा केला. लोक माझ्याकडे न बघता टँकरच्या मागच्या बाजूला गेले. पाणी विहिरीत सोडलं, आणि सोडत असतानाच पोहरे आत पडायला लागले. दोन माणसांनी माझ्या ट्रंका उतरवून देवळाच्या ओट्यावर ठेवल्या आणि तेही रांगेत गेले.

अर्ध्या तासाने बाया काहिलीकडे यायला लागल्या. दर वर्षी कळशी असायची. या वर्षी कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात छोटी चरवी. एकेक जण यायची, ओतायची, भांडं उलटं करून शेवटचा थेंब झटकायची आणि जायची. मी ओट्यावर फेट्यांच्या घड्या मांडत होतो आणि मांडलेल्या पुन्हा उचलत होतो. पार्वताबाई नावाची एक म्हातारी अर्धा तांब्या घेऊन आली. ओतायच्या आधी थांबली. मला विचारलं, "तुमीच म्हन्ला व्हय, खरंच पानी पायजे म्हनून?"

मी म्हटलं, "नाही, तसं गुरुजींच्या नाटकातच आहे."

तिने अर्धा तांब्या काहिलीत उलटा केला आणि ती गेली. इतकी वर्षं मी राजांच्या हनुवटीचा खरेपणा सांभाळला, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा एका म्हातारीशी खोटं बोललो. ते मला अजून टोचतं.

ट्रंकेच्या तळाशी निळ्या कापडाचं एक ठाण होतं. बायकोने निघताना मुकाट्याने टाकलं होतं. बाबूभाईंना जामा चढवताना मी ते काढलं आणि म्हटलं, अजून वेळ आहे, हे लावू. कमरबंदाची गाठ दोनदा सुटली.

"आता न्हाई अण्णा," ते म्हणाले. "बायांनी पानी दिलंय. आता परत न्या कसं म्हनू? त्येंचा मान जाईल."

ते बरोबर होतं. मागताना सांगायचं असतं, दिल्यावर नाही. मी कापडाची घडी घातली. आणि तेवढ्यात गुरुजी घाईने येऊन म्हणाले की जहांगीरचं काम करणारे शिंदे छावणीवर अडकले, त्यांच्या बैलाला बरं नाही. शेवटच्या प्रवेशात जहांगीर दरबारात बसलेला असतो, पराभवाची बातमी येते आणि तो रागाने दारूचा पेला फेकतो, एवढंच त्याचं काम. ते आता मी करावं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण काहीतरी करायला मिळालं तर हातापायांची ही घालमेल थांबेल असं वाटलं. मी स्वतःची मिशी कोरली, कल्ले चिकटवले, अंगरखा चढवला. तो मला आखूड झाला. पेला पुठ्ठ्याचा होता, वरून सोनेरी बेगड लावलेला. तो हातात घेऊन मी विंगेत, म्हणजे बांबूला लावलेल्या चादरीच्या आड, उभा राहिलो.

आमचा धंदा बत्तीच्या उजेडाचा आहे. भर उन्हात राजा पाहवत नाही. ठिगळं दिसतात, बेगड सोललेली दिसते, गालावरच्या रंगातून घामाच्या वाटा दिसतात. लोकांना त्याचं काही नव्हतं. ते पुढे सरकून बसले होते, पण दर वर्षीसारखे भांडले नव्हते. गावातले नामदेवतात्या मोगलांचे सरदार झाले होते, त्यांच्यामागे पाच-सहा जण भाले घेऊन. त्यांनी अंबरला शिव्या दिल्या, त्या जहांगीर खरोखरच त्याला देत असे तशाच होत्या. लोक जरा हसले. मग अंबर पुढे आला, टिकाव उचलला आणि काहिलीच्या बांधाजवळ गेला.

त्याने टिकाव डोक्याच्या वर नेला आणि तो तिथेच राहिला.

मी आधी समजलो की नाट्य करताहेत. मग गुरुजींनी आडून वाक्य पुरवलं. मग पुन्हा पुरवलं, मोठ्याने. बाबूभाईंचे हात वरच होते. मला तिथून त्यांचं तोंड दिसत होतं. वाक्य विसरलेल्या माणसाचं तोंड मला माहीत आहे, ते तसं नव्हतं. सहा महिने हा माणूस त्याच टिकावाने बांध घालत होता. त्याला बांध फोडायचा होता, त्याने गावाला तसा शब्द दिला होता, आणि हात खाली येत नव्हते. समोर सगळं गाव काहिलीकडे बघत होतं. पार्वताबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

अंबरला मागे फिरता येत नव्हतं. ज्यांनी पाणी दिलं त्यांचा मान जाणार होता. नामदेवतात्यांना बुडण्यापलीकडे काही करायचं माहीत नव्हतं. लढाई कुणीतरी सोडायची तर ती मोगलांनीच सोडायला हवी होती, आणि त्या दिवशी मोगलांचा धनी मी होतो.

जहांगीर भातोडीला कधीही आला नव्हता. लढाई झाली तेव्हा तो कुठल्या कुठे लांब होता. हे मला त्या रंगमंचावरच्या आणि पुढच्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी ट्रंका उचलून घरी गेलो असतो. मी चादर बाजूला केली आणि पेल्यासकट रंगमंचावर गेलो.

"मलिक अंबर," मी म्हटलं. माझा आवाज बादशहासारखा मुळीच आला नाही. "टिकाव खाली ठेव. तळं राहू दे. आम्ही हरलो."

बाबूभाईंनी माझ्याकडे पाहिलं. टिकाव हळूहळू खाली आणला आणि काहिलीला लागणार नाही असा बाजूला टेकवला. मोगल सैन्याला काय करावं कळेना, त्यांनी भाले जमिनीवर ठेवले. कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं आता लोक मला मारणार. उभ्या आयुष्यात मी इतका घाबरलेलो नाही.

मग बाबूभाई काहिलीशी वाकले, कडेला ठेवलेला तांब्या बुडवला आणि माझ्यासमोर आले. "बादशा," ते म्हणाले, "लई लांबून आलात. पानी घ्या."

मी पेला पुढे केला. ते थोडंसं ओतून थांबले. तेवढ्यात खालून पार्वताबाईचा आवाज आला, "अर्दा नगं बाबू. पुरा भर."

त्यांनी पुरा भरला. पुठ्ठ्याचा पेला तो, त्यात आजवर हवेशिवाय काही पडलं नव्हतं. बेगड सुटायला लागली आणि बुडातून पाणी ठिबकू लागलं. मी दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरली, आणि पेल्यातलं घटाघट प्यालो, मग ओंजळीतलं प्यालो. बोटांना सोनेरी रंग लागला होता तोही पोटात गेला. हिंदुस्थानचा बादशहा हाताचा तळवा चाटतो आहे हे बघून आधी मोगल सैन्य हसलं आणि मग सगळं गाव हसायला लागलं. हसता हसता काही बाया डोळे पुसत होत्या. माझेही कल्ले सुटून खाली आले होते, ते घामाने की कशाने ते मी सांगत नाही.

नाटक तिथेच संपलं, पुढचा प्रवेश कुणी मागितला नाही. गुरुजी तेवढे रागावून माझ्याकडे आले आणि असं इतिहासात नाही म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे. बाया पुन्हा रांगेने काहिलीकडे आल्या आणि ज्या भांड्यातून आणलं होतं त्यात पाणी भरून घेऊन गेल्या. मी रंग न पुसताच पार्वताबाईजवळ गेलो आणि पाणी मीच मागितलं होतं हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय. म्हनून तर पुरा भर म्हन्ले."

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. बाबूभाईंच्या टोळीने घातलेला बांध टिकला आणि तलाव भरला. पुढच्या यात्रेच्या आधी मी निरोप धाडला की यंदा पाण्याला तोटा नाही, तळं पूर्वीसारखं फोडा, नाटक जसं लिहिलं आहे तसं होऊ द्या. बाबूभाईंचं उत्तर कंडक्टरबरोबरच आलं. काहील भरणार आहोत, कळशीने भरणार आहोत, पण आता ती फोडायला गावात कुणी तयार नाही. गुरुजींनी शेवट नवा लिहून काढला आहे. जहांगीर भातोडीला येतो आणि पाणी पिऊन जातो. शिंदे म्हणतात हे काम मला जमायचं नाही, अण्णांनाच बोलवा. अंगरखा यंदा मापाचा शिवून आणावा.

मी शिवला. पेला मात्र तोच नेला, बुडाला मेण लावून.